रीतिभूतकाळातील गाव : इंग्रजी ग्रामस्मृतींचे प्रामाण्य

१

इंग्लंडमधील स्थानिक इतिहास आणि त्याच देशातील ग्रामीण बालपणाच्या आठवणींचे वाङ्मय ह्या दोहोंचा विषय एकच असतो, तो म्हणजे गाव. तथापि ह्या दोन लेखनप्रकारांत विश्वासाचे नाते फारसे नाही. इतिहासकार स्मृतिग्रंथातील एखादे रम्य वाक्य प्रकरणाच्या आरंभी शोभेसाठी घेतो आणि पुढील सर्व विवेचन दफ्तरांच्या आधारे करतो. स्मृतिग्रंथाचा वाचक तर दफ्तरांकडे वळतच नाही. हा दुरावा स्वाभाविक आहे काय, आणि बालपणाच्या आठवणींना पुरावा म्हणून कितपत मान द्यावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

स्थानिक इतिहासाची बाजू भक्कम आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. इंग्लंडातील पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन ह्यांच्या नोंदी ठेवण्याची आज्ञा १५३८ साली निघाली. १८३६ च्या कायद्यानंतर धर्मदशांशाच्या आकारणीसाठी शेताशेताचे नकाशे तयार झाले. १८४१ च्या जनगणनेपासून प्रत्येक घरातील माणसांची नावनिशीवार नोंद होऊ लागली. अशा साधनांच्या बळावर प्रत्येक परगण्याचा समग्र इतिहास लिहिण्याची 'व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी' ही योजना १८९९ मध्ये सुरू झाली व ती आजही चालू आहे. लेस्टर येथे १९४८ साली डब्ल्यू. जी. हॉस्किन्स ह्यांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडच्या स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला. त्यांचा 'द मेकिंग ऑफ द इंग्लिश लँडस्केप' हा ग्रंथ १९५५ साली प्रसिद्ध झाला. बांध, पायवाटा, ओसाड पडलेल्या वस्त्यांच्या खुणा हाही एक दस्तऐवजच आहे आणि तो वाचता येतो, असे त्या ग्रंथाने दाखवून दिले.

जवळपास ह्याच काळात ग्रामस्मृतींचे तीन महत्त्वाचे ग्रंथ निघाले. फ्लोरा टॉम्प्सन ह्यांचा 'लार्क राइझ' १९३९ मध्ये, जॉर्ज ईवर्ट इव्हान्स ह्यांचा 'आस्क द फेलोज हू कट द हे' १९५६ मध्ये आणि लॉरी ली ह्यांचा 'सायडर विथ रोझी' १९५९ मध्ये. पहिल्यात ऑक्सफर्डशरमधील, दुसऱ्यात सफकमधील व तिसऱ्यात ग्लॉस्टरशरमधील एक वस्ती आहे. ह्या ग्रंथांची चर्चा बहुधा त्यांतील निसर्गवर्णन, करुणा वा विनोद ह्यांच्या अनुषंगाने होते. येथे मात्र त्यांचा विचार व्याकरणाच्या अंगाने करावयाचा आहे. स्मृतिग्रंथाचे प्रामाण्य त्यातील लेखक किती सत्यवादी आहे ह्यावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते त्यातील क्रियापद कोणत्या काळाचे व कोणत्या पुरुषाचे आहे ह्यावर अवलंबून असते, असे ह्या लेखाचे प्रतिपादन आहे.

२

मराठी व्याकरणकारांनी भूतकाळाच्या प्रकारांत रीतिभूतकाळाला स्वतंत्र स्थान दिले आहे. 'ती शेतात गेली' हे एकदा घडलेल्या क्रियेचे विधान आहे. 'ती शेतात जाई' हे वहिवाटीचे विधान आहे. पहिल्या वाक्याला तारीख असते, निदान असू शकते. दुसऱ्याला ती असूच शकत नाही. इंग्रजीत हा अर्थ 'वुड' वा 'यूझ्ड टू' ह्या साहाय्यक रचनांनी सांगता येतो. परंतु इंग्रजीतील साधा भूतकाळही ह्या दोन्ही अर्थांना सर्रास पुरतो. त्यामुळे इंग्रजी वाचकाला 'बायका शेतात गेल्या' आणि 'बायका शेतात जात' ह्यांतील भेद प्रत्येक ठिकाणी उमगेलच असे नाही. मराठीत हे ग्रंथ मनातल्या मनात उतरवून घेणाऱ्या वाचकाला मात्र पावलोपावली 'गेली' की 'जाई' ह्याचा निर्णय करावाच लागतो. हा निर्णय म्हणजे ह्या वाङ्मयाच्या परीक्षेची आयती चाळणी होय.

'लार्क राइझ' ह्या चाळणीतून काढला असता काय हाती येते ते पाहावे. फ्लोरा टॉम्प्सन ह्यांचा जन्म १८७६ साली ज्युनिपर हिल येथे झाला. ही कॉटिस्फर्ड गावाची एक लहानशी वाडी. वडील गवंडीकाम करीत. वाडीतील बहुतेक पुरुष शेतमजूर होते आणि त्यांची मजुरी आठवड्याला दहा शिलिंग होती. चौदाव्या वर्षी ही मुलगी शेजारच्या फ्रिंगफर्ड येथील टपालकचेरीत कामास लागली. ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा तिने वयाची साठी ओलांडली होती. मधल्या अर्धशतकात ती त्या वाडीची रहिवासी नव्हती.

ग्रंथात ज्युनिपर हिलची लार्क राइझ झाली, कॉटिस्फर्डचे फोर्डलो झाले आणि फ्लोराची लॉरा झाली. आत्मकथन असूनही निवेदन तृतीयपुरुषी आहे. लेखिकेने हा मार्ग संकोचामुळे पत्करला असावा असे प्रथमदर्शनी वाटते. पण ग्रंथभर पाहिले तर लॉरा ही नायिका नाही. पुष्कळ पृष्ठांवर ती आढळतही नाही. पृष्ठे भरतात ती वाडीच्या वहिवाटीने : डुक्कर कसे पाळीत, ते उधारीवर कसे पोशीत, कापल्यावर त्याचे वाटे शेजारी कसे पाठवीत, मुली बारा-तेराव्या वर्षी मोठ्या घरी कामाला कशा जात. ह्या क्रियापदांचा कर्ता 'ती' नसून 'त्या', 'ते', 'सगळे' हा आहे. तृतीयपुरुष आणि रीतिभूतकाळ ह्यांच्या संयोगाने आत्मकथेची प्रकृतीच पालटते. एका मुलीला काय झाले हे सांगणे मागे पडते आणि एका वाडीत काय होत असे हे सांगणे पुढे येते.

येथेच इतिहासकाराची शंका उभी राहते. १९८५ साली बार्बरा इंग्लिश ह्यांनी लार्क राइझचे चित्र ज्युनिपर हिलविषयीच्या कागदपत्रांशी ताडून पाहिले, तेव्हा ते सर्वत्र जुळत नसल्याचे दिसून आले. ह्यात नवल नाही. रीतिभूतकाळाचे विधान करणारा लेखक अनेक वर्षांचे अनुभव एका वर्षात कोंबतो. दोनदा घडलेले तो नेहमी घडणारे म्हणून सांगू शकतो, आणि एका घरचे आजारपण वा कर्ज वाडीच्या सामान्य चित्रात बसत नाही म्हणून गाळू शकतो. 'लोक समाधानी असत' हे वाक्य खोटे ठरवावयाचे तर कोणत्या दिवशी कोण असमाधानी होता हे दाखवावे लागते. आणि दाखविले तरी 'असत' हे क्रियापद 'एरवी असत' म्हणून निसटून जाते. रीतिभूतकाळाला उलटतपासणी लागू पडत नाही, हा त्याचा मोठा दोष होय.

३

असे असता त्याचा पुरावा म्हणून उपयोग काय? उत्तरादाखल एकच उदाहरण सविस्तर पाहणे इष्ट ठरेल. ते उदाहरण सरव्याचे आहे.

पीक कापून नेल्यावर शेतात गळून राहिलेल्या ओंब्या वेचण्याचा गोरगरिबांचा परिपाठ इंग्लंडमध्ये शतकानुशतके होता. १७८८ साली सफकमधील टिमवर्थ येथील मेरी हॉटन ह्या स्त्रीविरुद्धचा दावा लंडनच्या कॉमन प्लीज न्यायालयापुढे आला आणि सरवा वेचण्याचा कोणताही हक्क इंग्लंडच्या सामान्य कायद्यात नाही, असा निकाल बहुमताने देण्यात आला. केवळ निकालाच्या आधारे गावाचा इतिहास लिहिणारा लेखक ह्या ठिकाणी सरव्याचा अध्याय संपवील. हक्क नाही म्हणून न्यायालयाने ठरविले. पुढे काय राहिले?

पुढे काय राहिले ते 'लार्क राइझ'वरून कळते. त्या निकालानंतर सुमारे शंभर वर्षांनी ज्युनिपर हिलच्या बायका पोराबाळांसह कापलेल्या शेतात उतरत, वाकून दिवसभर ओंब्या वेचीत, दोनतीन आठवड्यांनी ते धान्य घरीच झोडून दळावयास पाठवीत. गिरणीवाला दळणावळ म्हणून त्यातलेच थोडे पीठ ठेवून घेई. चांगल्या वर्षी घरटी एकदोन बुशेल, कधी त्याहून अधिक पीठ येई आणि ते पोते काही दिवस बैठकीच्या खोलीत खुर्चीवर ठेवलेले असे, जेणेकरून येणाऱ्याजाणाऱ्याच्या ते दृष्टीस पडावे. ह्या सर्व क्रियापदांना तारीख नाही. पण येथे तारीख नसणे हा दोष राहत नाही. कारण जे सिद्ध करावयाचे आहे ती घटना नव्हे, वहिवाट आहे. आणि वहिवाटीचे व्याकरण रीतिभूतकाळ हेच आहे. न्यायालयाने हक्क नाकारला, वहिवाट मात्र चालू राहिली, हे ऐतिहासिक सत्य न्यायालयाच्या निकालपत्रात सापडणार नाही. ते सांगावयास खुर्चीवरचे पिठाचे पोते आठवणारी मुलगीच हवी.

ह्याच प्रसंगी लेखिका स्थानिक शब्दही नोंदविते. सरवा वेचण्याला वाडीत 'लीझिंग' म्हणत. हा शब्द प्राचीन इंग्रजीतील 'लेसन' म्हणजे गोळा करणे, वेचणे ह्या धातूपासून आलेला आहे. जर्मन भाषेतील 'लेझेन' हे क्रियापद त्याचेच भावंड होय. त्याचा अर्थ वाचणे असा रूढ असला तरी वेचणे हा अर्थही त्यात टिकून आहे. प्रमाण इंग्रजीत ह्या कामासाठी रूढ असलेला 'ग्लीनिंग' हा शब्द फ्रेंचमधून आला. अकराव्या शतकातील नॉर्मन विजयाच्याही आधीचा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मजूरवाडीतील बायकांच्या तोंडी नित्याचा होता. लेखिकेच्या स्मृतीने माणसांची नावे बदलली, स्थळांची नावे बदलली. हा शब्द मात्र तिने बदलला नाही. बदलण्याचे तिला कारणच नव्हते. स्मृतिग्रंथातील साक्षीचा हा सर्वांत निःस्वार्थी भाग असतो.

परंतु शब्दाच्या साक्षीचे दुसरे टोकही ध्यानात ठेवले पाहिजे. इंग्लंडच्या पूर्व भागात शेत अद्याप पुरते रिकामे झालेले नाही ह्याची खूण म्हणून कापणीनंतर पेंढ्यांचा एकच जुडगा मध्ये उभा ठेवीत. तो उभा आहे तोवर सरवा वेचावयास कोणी आत जावयाचे नाही, असा दंडक असे. त्या जुडग्याला लोक 'पोलिसमन' म्हणत. हा शब्द एकोणिसाव्या शतकात लोकांच्या तोंडी रूढ झाला. लंडनच्या पोलीसदलाची स्थापनाच १८२९ मधील आहे. म्हणजे एकाच कामाभोवती एक शब्द हजार वर्षांपूर्वीचा आणि दुसरा आजोबांच्या काळातला. खेडे अनादी काळापासून जसेच्या तसे होते, हा ग्रामस्मृतींच्या वाचकांचा आवडता समज एवढ्याने ढासळतो. जुन्या वहिवाटीत नवे बंदोबस्त येत होते, आणि लोक त्यांना नावे ठेवीत होते, ह्या क्रियापदाच्या दोन्ही अर्थांनी.

४

लॉरी ली ह्यांच्या ग्रंथात काळ व पुरुष ह्यांची मांडणी निराळी आहे. त्यांचा जन्म १९१४ चा. तीन वर्षांचे असताना कुटुंब स्लॅड येथे राहावयास आले, आणि सामानाच्या गाडीतून उतरवून ठेवलेले मूल आपल्याहून उंच वाढलेल्या गवतात भेदरून उभे आहे, ह्या प्रसंगाने ग्रंथाचा आरंभ होतो. हा प्रसंग साध्या भूतकाळातला आहे. तो एकदाच घडला, आणि घडला तो 'मी'ला. पुढेही ह्या ग्रंथाचा जीव प्रसंगात आहे. रीतीची वर्णने येतात ती प्रसंगांच्या मधल्या जागेत.

प्रसंगाला तारीख असते, म्हणूनच त्याला प्रतिवादीही मिळू शकतो. पियानोच्या कारखान्याला लागलेल्या आगीविषयी ह्या ग्रंथात जे लिहिले होते, त्यावरून स्ट्राउड परिसरातील एका पियानो-उत्पादकाने बदनामीचा दावा केला आणि पुढील आवृत्त्यांत पियानोच्या कारखान्याचा बॉयलरचा कारखाना करण्यात आला. ही हकीकत गमतीची म्हणून सांगितली जाते. प्रामाण्याच्या दृष्टीने मात्र ती बोधप्रद आहे. साध्या भूतकाळातील एका उल्लेखाने लेखकाला वकिलाकडे जावे लागले. टॉम्प्सन ह्यांच्या रीतिभूतकाळावर असा दावा कोण लावणार? वस्तुतः ली ह्यांनी ग्रंथारंभीच सूचना दिली होती की ह्या बालपणीच्या आठवणी आहेत व काळाच्या ओघात काही तथ्ये विपरीत झाली असण्याचा संभव आहे. ही प्रांजळ कबुली वाचकाला पटते. पण तिने पुराव्याचे वजन वाढत नाही.

असे असूनही ली ह्यांच्या ग्रंथात एक साक्ष अशी आहे की जी कोणत्याही दफ्तरात मिळणार नाही. शाळेच्या पहिल्या दिवशी शिक्षिका मुलाला एका जागी 'प्रेझेंट'पुरते बसावयास सांगते. तिच्या बोलण्याचा अर्थ 'तूर्त येथे बस' असा असतो. मुलगा 'प्रेझेंट' म्हणजे भेटवस्तू समजतो, दिवसभर वाट पाहतो आणि रिकाम्या हाताने घरी येऊन आपण फसवले गेलो म्हणून चिडतो. मराठी वाचकाला हा श्लेष समजावून देण्याची गरज नाही. 'प्रेझेंट' ह्या शब्दाने वाढदिवसाची भेट आणि वर्गातील हजेरी ही दोन्ही आपल्याकडेही चालवली आहेत. महत्त्वाचे आहे ते हे की ह्या प्रसंगात घरची भाषा व शाळेची भाषा ह्यांची पहिली गाठ कशी पडली त्याची नोंद आहे. १८७० च्या शिक्षणविषयक कायद्यानंतर इंग्लंडमध्ये खेडोपाडी शाळा पोहोचल्या; हजेरीपट व निरीक्षकांचे अहवाल जपून ठेवलेले आहेत. त्यांतून मुलगा शाळेत हजर होता एवढे कळते. शाळेत जे बोलले गेले त्यातले त्याला काय ऐकू आले, हे केवळ तो मुलगाच सांगू शकतो. बालपणस्मृतीचे स्वतःचे असे क्षेत्र हे आहे. प्रौढाने आठवून सांगितलेला गावाचा इतिहास अन्य साधनांनी दुरुस्त करता येतो. मुलाचा गैरसमज दुरुस्त करावयाचा नसतो, कारण गैरसमज हेच तेथील तथ्य असते.

५

आता ह्या वाङ्मयातील सर्वांत ठळक व सर्वांत शंकास्पद विधानाकडे वळले पाहिजे. ते म्हणजे 'जुने गाव संपले' हे होय.

ली ह्यांच्या मते शतकानुशतके घोड्याच्या चालीने चाललेले जीवन त्यांच्या बालपणाच्या अखेरीस, म्हणजे १९२० नंतरच्या दशकात, मोटारी व बसगाड्या दरीत येताच संपले. इव्हान्स ह्यांना सफकमध्ये तेच अखंड जीवन यांत्रिक शेतीच्या आगमनाने तुटलेले दिसते. टॉम्प्सन मात्र १८८० नंतरच्या दशकाविषयीच बोलताना जुने बळ ओसरले असल्याचे सूचित करतात, आणि त्याचे दर्शन घडविण्यासाठी वृद्ध सॅलीकडे नेतात. सॅलीला आठवत होते की वाडी एके काळी मोकळ्या माळावर होती, सभोवार ज्युनिपरची झुडपे होती आणि घरे होती अवघी सहा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कॉटिस्फर्डचा हा सामाईक माळ कायद्याने वाटून कुंपणबंद करण्यात आला. म्हणजे सॅलीच्या लेखी गाव त्याच वेळी संपले होते.

रेमंड विल्यम्स ह्यांनी 'द कंट्री अँड द सिटी' ह्या १९७३ च्या ग्रंथात ह्या मागे मागे सरकणाऱ्या सुवर्णकाळाला सरकत्या जिन्याची उपमा दिली आहे. प्रत्येक पिढी म्हणते की जुने खरे खेडे नुकतेच गेले. तिच्या साक्षीदाराला विचारावे तर तो आणखी एक पायरी मागे बोट दाखवितो. विल्यम्स स्वतः वेल्सच्या सीमेवरील पँडी ह्या खेड्यात रेल्वेच्या सिग्नलवाल्याच्या पोटी १९२१ साली जन्मले होते; त्यामुळे ही टीका खेड्याविषयी अनास्था असलेल्या माणसाची नव्हे.

ह्या टीकेला व्याकरणाची एक पुष्टी जोडता येईल. रीतिभूतकाळ हा काळ चालू वहिवाटीसाठी वापरताच येत नाही. 'जाई' म्हटले की आता जात नाही, हे त्यात गृहीत आहे. म्हणून संबंध ग्रंथ ह्या काळात लिहावयाचा ठरवला की गाव संपल्याची घोषणा त्यात आपोआपच होते; ती इतिहासातून येते तशीच क्रियापदाच्या प्रत्ययातूनही येते. शिवाय तिन्ही ठिकाणी गाव संपण्याचा क्षण आणि सांगणाऱ्याचे बालपण वा तारुण्य संपण्याचा क्षण ह्यांत फार अंतर नाही. टॉम्प्सन चौदाव्या वर्षी वाडीबाहेर पडल्या. ली १९३४ साली स्लॅड सोडून पायी निघाले. गावाबाहेर पडलेल्या माणसाला गाव थांबलेले दिसते. जे मागे राहिले त्यांच्या वाक्यांत 'जाई' ऐवजी 'जातो' हेच क्रियापद पुढे पुष्कळ वर्षे चालू राहिले असले पाहिजे. ती वाक्ये ग्रंथात आली नाहीत.

सॅलीच्या साक्षीचे मोल ह्यामुळे कमी होत नाही. माळ, झुडपे आणि सहा घरे ह्या तीन गोष्टी कागदपत्रांशी व भूमीशी ताडून पाहता येतात, आणि वाडीच्या नावातील ज्युनिपर तर अजूनही साक्ष देतो. 'त्या वेळी लोक सुखी असत' हे मात्र ताडून पाहता येत नाही. एकाच वृद्धेच्या तोंडची ही दोन प्रकारची विधाने आहेत. पहिली पुराव्यात घ्यावीत. दुसरी कुंपणबंदीने काय हिरावले गेले ह्याविषयीच्या भावनेची नोंद म्हणून घ्यावीत, आणि तिलाही इतिहासात जागा आहे हे विसरू नये.

६

मागे राहिलेल्यांची वाक्ये मिळवावयाची कशी? ईवर्ट इव्हान्स ह्यांचे महत्त्व येथे आहे. ते ब्लॅक्सहॉलचे नव्हते. दक्षिण वेल्समधील ऍबरकिनन ह्या खाणींच्या गावात त्यांचा १९०९ साली जन्म झाला, आणि पत्नी शाळाशिक्षिका म्हणून नेमली गेल्यामुळे १९४८ मध्ये ते ब्लॅक्सहॉलला आले. शेजारच्या मेंढपाळाशी व त्याच्या पत्नीशी बोलता बोलता त्यांच्या ध्यानात आले की टॉमस टसर ह्याच्या १५७३ च्या कृषिविषयक पद्यग्रंथातील अवजारांची व कामांची नावे ह्या वृद्धांच्या तोंडी अद्याप जिवंत आहेत. गावाचे बालपण त्यांचे नसल्यामुळे त्यांना 'मी' म्हणण्याचा मोह नव्हता आणि 'आम्ही' म्हणण्याचा अधिकार नव्हता. ते 'हे म्हणतात' असे लिहितात आणि अवतरणचिन्हे उघडतात.

त्याच काळात लीड्स विद्यापीठाचे हॅरल्ड ऑर्टन व झुरिकचे ऑयगेन डीट ह्यांनी आखलेली इंग्रजी बोलींची पाहणी चालू होती. १९५० ते १९६१ ह्या काळात ३१३ ठिकाणी तेराशेहून अधिक प्रश्नांची प्रश्नावली घेऊन संशोधक हिंडले. शब्द आपण उच्चारावयाचा नाही, वस्तू दाखवून वा वाक्य अर्धवट सोडून तो उत्तरदात्याकडून काढावयाचा, ही तिची पद्धत शास्त्रशुद्ध होती. तीमुळे कोणता शब्द कोठवर पसरला आहे ह्याचे नकाशे तयार झाले, आणि असे ज्ञान कोणताही स्मृतिग्रंथ देऊ शकत नाही. परंतु उत्तरदाते बहुतांशी साठी उलटलेले पुरुष होते. सरवा वेचणे हे बायकामुलांचे काम. त्याचे नाव पुरुषाला विचारून मिळते, पण पोते खुर्चीवर का ठेवीत हे मिळत नाही. पाहणीत शब्द आयुष्यापासून वेगळा काढलेला असतो, स्मृतिग्रंथात तो आयुष्याला चिकटून येतो. ही दोन साधने परस्परपूरक आहेत, पर्यायी नव्हेत.

शहरी बालपणाच्या ग्रंथांचा येथे थोडक्यात उल्लेख केला पाहिजे, कारण ते खेड्याच्या ग्रंथांवर उतारा म्हणून उपयोगी पडतात. रॉबर्ट रॉबर्ट्स ह्यांच्या 'द क्लासिक स्लम' ह्या १९७१ च्या ग्रंथात सॉल्फर्डच्या गरीब वस्तीतील विसाव्या शतकाची पहिली पंचवीस वर्षे आहेत. आईवडिलांच्या कोपऱ्यावरच्या दुकानात वाढलेल्या ह्या लेखकाला गल्लीतील प्रत्येक घराची पत ठाऊक होती. कोणाला उधार द्यावयाचे व कोणाला नाही ह्यावरून एकाच गल्लीत किती उतरंडी होत्या, हे तो दाखवितो. त्याची आठवण हळवी होत नाही. दुकानाची उधारीची वही तिच्या पाठीशी आहे.

रिचर्ड हॉगर्ट ह्यांच्या 'द यूझेस ऑफ लिटरसी' ह्या १९५७ च्या ग्रंथात लीड्समधील हन्स्लेटच्या कामगारवस्तीचा विचार 'ते' व 'आपण' ह्या सर्वनामांच्या भेदावर उभा आहे. येथेही मराठीची चाळणी उपयोगी पडते. इंग्रजीतील 'वुई' हे एकच सर्वनाम मराठीत 'आम्ही' व 'आपण' असे दुभंगते. वस्तीतील माणूस वस्तीतील माणसाशी बोलतो तेव्हा ते 'आपण' असते. तोच पुढे प्राध्यापक होऊन सुशिक्षित वाचकांसाठी लिहितो तेव्हा ते 'आम्ही' होते, कारण वाचक त्या वस्तीचा नसतो. ली ह्यांच्या 'वुई'चीही हीच स्थिती आहे. स्मृतिग्रंथ ज्यांच्याविषयी असतो त्यांच्यासाठी बहुधा लिहिलेला नसतो. हे ज्या लेखकाला टोचते त्याच्या लेखनात सावधपणा येतो, आणि ज्याला टोचत नाही त्याच्या लेखनात गोडवा येतो.

७

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. स्मृतिग्रंथातील घटनाविधाने दफ्तराशी ताडूनच घ्यावीत. तेथे स्मृतीला अग्रमान नाही. वहिवाटीची विधाने, विशेषतः कायद्याने नाकारलेल्या वा न नोंदलेल्या वहिवाटीची, स्वतंत्र पुरावा म्हणून स्वीकारावीत. मात्र ती कोणत्या दशकाविषयी आहेत हे अन्य मार्गांनी निश्चित करावे. शब्दांची साक्ष सर्वांत विश्वसनीय मानावी आणि तिने गावाचे सातत्य व बदल ही दोन्ही पारखावीत. मुलाचे गैरसमज जसेच्या तसे जतन करावेत. 'गाव संपले' हे विधान सांगणाऱ्याच्या चरित्राचा भाग म्हणून वाचावे.

ह्या निष्कर्षांना एक अपवाद जोडणे अवश्य आहे, आणि तो 'लार्क राइझ'च्या शेवटच्या परिच्छेदांतच आहे. वाडीची मुले वाढत होती, नांगरामागे जन्म काढावा अशीच त्यांची अपेक्षा होती, असे सांगत आलेली लेखिका एकाएकी गॅलिपोली, कूट, व्हिमी रिज आणि ईप्र ही नावे घेते. त्या चिमुकल्या वस्तीतील अकरा जण परत आले नाहीत, एवढेच ती सांगते. चर्चच्या भिंतीवरील पितळी पाटीवर पाच-पाच नावांचे दोन स्तंभ आहेत आणि त्यांखाली एकटे अकरावे नाव, एडमंड हे. एडमंड हा लॉराचा भाऊ. फ्लोराचा खरा भाऊ एडविन १९१६ साली युद्धात मारला गेला. संबंध ग्रंथ रीतिभूतकाळात चालला आहे, आणि तो थांबतो साध्या भूतकाळातील एका वाक्यावर. मुले खेळत, वाढत, कामाला जात. परत आली नाहीत. मराठीत येथे 'येत नसत' म्हणता येणार नाही. मृत्यू वहिवाटीत बसत नाही. तृतीयपुरुषाचा पडदाही ह्या ठिकाणी पुरत नाही. बदललेल्या नावाआडून बहीणच बोलते आहे हे ओळखू येते. ह्या एका वाक्यासाठी कोणी दफ्तर मागणार नाही, आणि मागितलेच तर भिंतीवरील पाटी हेच ते दफ्तर आहे.

त्या चार नावांपैकी कूट हे नाव मराठी वाचकाला परके नाही. कूट येथे २९ एप्रिल १९१६ रोजी ज्या फौजेने शरणागती पत्करली ती सहावी पुणे डिव्हिजन होती, आणि तीत मराठा पलटणी होत्या. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने भारतातील अनेक खेड्यांत संगमरवरी पाट्या बसविल्या. महाराष्ट्रातील काही गावांत त्या अजून आहेत. ह्या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा मजकूर त्यांवर असतो. आकडा असतो, नावे नसतात. कॉटिस्फर्डच्या पाटीवर नावे होती म्हणून एका बहिणीला आपल्या ग्रंथाचा शेवट सापडला. जेथे पाटीने नावे दिली नाहीत तेथे ती सांगण्याचे काम पूर्णपणे स्मृतीकडे येते. ती सांगणारी पिढी आता राहिलेली नाही. तिच्याकडून ऐकलेले ज्यांना आठवते अशी माणसे मात्र अजून आहेत. स्मृतीच्या साक्षीला इतिहासात जागा द्यावी की न द्यावी हा प्रश्न अशा गावात पद्धतीपुरता राहत नाही. तेथे दुसरी साक्ष फारशी उरलेली नसते.